अर्ध्या फेऱ्यांचा हिवाळा

हैदराबादला थंडी येते ती पायांकडून. कार्तिक संपता संपता एखाद्या पहाटे आपण झोपेतच पायाने पांघरूण शोधू लागतो, पंखा तीनवरून एकवर येतो, आणि अंबरपेठेतल्या आमच्या गल्लीत दूधवाला कानाला मफलर गुंडाळून हिंडायला लागतो. इथली थंडी ती केवढी? नांदेड-परभणीकडचे पाहुणे आले की हसतात. ‘ही काय थंडी म्हणायची का,’ असं म्हणतात आणि सकाळी आंघोळीला तेच दोन बादल्या कढत पाणी मागतात. परवा तशी पहाट आली. मी उठून बाल्कनीत गेलो आणि दोन्ही सायकलींची चाकं अंगठ्याने दाबून पाहिली. एकाची हवा बसली होती. पंप शोधू लागलो तेव्हा आत चहा टाकता टाकता माझी बायको, शैला, म्हणाली, “आलं वाटतं तुमच्या अंगात.”

आलं होतं खरं. तीन-चार वर्षं झाली, दर हिवाळ्यात येतं. पण ते पहिल्यांदा आलं तो हिवाळा काही मनातून जात नाही. त्या हिवाळ्यात आम्ही एका तळ्याभोवती अर्ध्याच फेऱ्या मारल्या, आणि एवढा आनंदाचा हिवाळा माझ्या आयुष्यात दुसरा नाही.

तळ्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही रविवारी याल, गाड्या घेऊन याल, गाड्यांत गाणी लावाल. मुसी नदीच्या वरच्या अंगाला आहे, एवढं पुरे. भोवती सरकारने राखलेलं रान. फाटकापाशी डांबरी रस्ता संपतो आणि तिथून पुढे मोटारींना बंदी. मग तांबड्या मुरुमाची वाट सुरू होते, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला सीताफळीची झुडपं, त्यांच्यामागे एकावर एक रचून ठेवल्यासारखे आपल्या दख्खनचे गोल गोल धोंडे. मध्ये एक वाडी लागते, तिथे दारादारांत झेंडू आणि दारादारांत कोंबड्या. मग ताडांची रांग, मग तुरीची शेतं, त्या दिवसांत पिवळ्या फुलांनी भरलेली. रहदारी म्हणाल तर म्हशी. सकाळी सातच्या सुमारास त्या पाण्याकडे निघतात आणि रस्ता आपल्या मालकीचा असल्याच्या थाटात चालतात. त्यांना घंटी वाजवून काही उपयोग नसतो. आपण उतरायचं, बाजूला उभं राहायचं, त्या गेल्या की पुन्हा बसायचं.

मी बेगम बाजारातला माणूस. आमची हळद-मिरची-धन्याची ठोक पेढी. आजोबा वसमतकडून हळदीच्या गाड्या घेऊन निजामाच्या काळी हैदराबादेत आले ते इथलेच झाले. गावाकडची शेती सुटली आणि हात पिवळे राहिले. चाळीस वर्षं मी त्या गादीवर बसलो. माझ्या नाकाला मिरचीखेरीज दुसरा वास यायचा बंद झाला होता. त्या तळ्यावर पहिल्या सकाळी उतरलो तेव्हा मला एकदम पाण्याचा वास आला. पाण्याला वास असतो हे मी विसरलोच होतो. मग ओल्या शेणाचा, मग कुठेतरी पेटवलेल्या पाल्याच्या धुराचा. मी नुसता श्वास घेत उभा राहिलो, आणि शैलाला वाटलं की मला दम लागलाय. अजून सायकलवर बसलोसुद्धा नव्हतो.

पक्षी तर मला चिमण्यांपलीकडे ठाऊक नव्हते, आणि चिमण्या म्हणजे धन्यात तोंड घालणाऱ्या चोरट्या. इथे पाण्याच्या कडेला उंच पायांचे, गुलाबी शेपटीचे चित्रबलाक उभे असायचे, काही काम नसल्यासारखे. तासन्‌तास एका पायावर. शैला म्हणायची, “बघा, तुमच्यासारखेच गादीवर बसल्यात.”

हे सगळं सुरू झालं पाडव्याला. दिवाळीच्या पाडव्याला बायको ओवाळते आणि नवऱ्याने ओवाळणी घालायची, ही आपली रीत. आमच्याकडे दरवर्षी मी विचारायचो, “काय आणू?” आणि ती म्हणायची, “काही नक्को.” मग मी साडी आणायचो. त्या वर्षी पेढी पुतण्याच्या हाती सोपवून मी मोकळा झालो होतो. सवयीने विचारलं, “काय आणू?” ती म्हणाली, “सायकल.”

गुडघ्यांच्या डॉक्टरांनी तिला सायकल चालवा म्हणून सांगितलं होतं, हे निमित्त. हे गुडघे फार वर्षं साथ देतील असं नाही, असंही ते म्हणाले होते. पण खरी गोष्ट वेगळी होती. नात्यातल्या एका लग्नाला जाताना तिने गाडीतून ते तळं पाहिलं होतं आणि काठच्या वाटेने दोन पोरी सायकलवर गप्पा मारत चाललेल्या पाहिल्या होत्या. “मला त्या तळ्याला एक पूर्ण फेरा मारायचाय,” ती म्हणाली. “संक्रांतीच्या आत. मग ऊन चढतं. मग गुडघे काय म्हणायचं ते म्हणू देत.” एवढं सलग मागणं तिने तीस वर्षांत केलं नव्हतं.

मी खूश. बाजारात गेलो, चार दुकानं पालथी घातली, आणि निवडून निवडून सायकल आणली. काळी, दणकट, बावीस इंची. जाड दांडी, डबल स्टँड, मागे दोन पोती सहज बसतील असं लोखंडी कॅरिअर. दुकानदाराने सांगितलं, शेठ, शंभर किलो टाका, वाकणार नाही. मी कॅरिअरवर स्वतः उभं राहून खात्री करून घेतली. पाडव्याला दारात उभी केली, हँडलला झेंडूची माळ घातली, चाकाला हळदकुंकू लावलं, आणि शैलाला हाक मारली.

ती ओवाळणीचं ताट हातात घेऊनच बाहेर आली. सायकलीकडे पाहिलं. दांडीकडे पाहिलं, कॅरिअरकडे पाहिलं. आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “पुन्हा दुकानाचीच आणली का?”

‘पुन्हा’ या शब्दाने माझा चेहरा उतरला. कारण मला तिची पहिली सायकल आठवली.

शैला उदगीरची, मास्तरांची मुलगी. कॉलेजला सायकलने जायची. लग्न होऊन आली तेव्हा भांड्यांच्या पेट्यांबरोबर एसटीच्या टपावरून तिची सायकलही आली. हिरवी, लेडीज, पुढे वेताची टोपली. आमच्या वडिलांनी, आण्णांनी, ती उचलून पाहिली, चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “दणकट हाय. दुकानाला होईल.” आठ दिवसांत टोपली निघाली आणि कॅरिअर बसलं. दुकानातला गडी यादगिरी तिच्यावरून मिरचीच्या गोण्या पोचवू लागला. महिन्याभरात ती हिरवी होती हे ओळखू येईना, सगळी हळद. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. पेढीवाल्यांच्या घरात वस्तू दोनच प्रकारच्या असतात, दुकानाच्या कामाला आलेल्या आणि अजून न आलेल्या. घरातले वेलदोड्याचे डबे नेऊन त्यांत मालाचे नमुने ठेवायचे, आईच्या जुन्या लुगड्यांनी गोण्या झाकायच्या, तसंच हे. यादगिरी रोज दुपारी त्याच सायकलवर घरी डबा न्यायला यायचा आणि शैला त्याच्या हातात डबा द्यायची. तिची नजर सायकलीवर जात असेल का, हे मला कधी सुचलंच नाही. उलट मी लोकांना कौतुकाने सांगायचो, आमच्या मंडळींची सायकल दुकानाला फार कामाला आली.

“बदलून आणतो,” मी म्हणालो. “आत्ता नेतो.”

“नक्को. ही तुम्हीच ठेवा. माझी मी आणते.” आणि मग तिने मला ओवाळलं. रागातही रीत सोडायची नाही, ही उदगीरची माणसं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः गेली आणि आभाळी रंगाची, हलकी, एका हाताने उचलता येईल अशी सायकल घेऊन आली. पंजाबी ड्रेस, कॅनव्हासचे बूट. तीस वर्षांनी बसली आणि गल्लीच्या टोकापर्यंत सरळ गेली. पाय सायकल विसरले नव्हते.

आता माझ्याकडे एक काळी सायकल होती आणि एक अडचण होती. मला सायकल येत नव्हती. शेठचा मुलगा म्हणून लहानपणी कुणीतरी मला डबलसीट न्यायचं, मोठेपणी मी टेम्पो शिकलो. मला चार चाकं चालवता येत होती, दोन नाही. मनात ठरवलं की शिकायचं आणि तिच्या शेजारून तो फेरा मारायचा. तिच्या पहिल्या सायकलीची एवढी तरी भरपाई.

रविवारी बेगम बाजार बंद असतो. पहाटे साडेपाचला दुकानाचा टेम्पो काढायचा, दोन्ही सायकली मागे आडव्या टाकायच्या आणि निघायचं. टेम्पोत मिरचीची भुकटी इतकी मुरलेली की तळ्यापर्यंत दोघंही शिंकत जायचो. फाटकाशी लक्ष्मम्माची चहाची टपरी. लक्ष्मम्मा तिथल्याच वाडीतली, साठीची, तोंडात पान आणि कमरेवर हात. पहिल्याच दिवशी तिने माझी काळी सायकल पाहिली आणि विचारलं, “सेठ, क्या बेचने कू लाये?”

शैलाने मला त्या मुरुमाच्या वाटेवर शिकवलं. पहिले दोन रविवार तर मी फक्त पडलो. सीताफळीच्या झुडपात पडलो, शेणात पडलो, एकदा थांबलेल्या म्हशीला टेकलो आणि तिने मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं की मीच तिची माफी मागितली. “समोर बघा, चाकाकडे नको,” शैला ओरडायची. “पायडल मारा की! बसल्या जागी काय हलतंय?” तिच्यातली मास्तरांची मुलगी जागी झाली होती. आम्ही एवढे हसायचो की पाण्यावरचे पाणकावळे उडायचे. घरी परतलो की अंगभर आयोडेक्स, आणि पोटभर भाकरी. दुपारी झोप अशी लागायची की शाळेनंतर तशी लागली नव्हती.

तिसऱ्या रविवारी मी चाललो. पन्नास पावलं, मग शंभर, मग ताडांच्या रांगेपर्यंत. थंड हवा कानांतून जात होती, चाकाखाली मुरूम कुरकुरत होता, आणि मी, वय वर्षे साठ, तोंडाने ‘हौ! हौ!’ करत चाललो होतो. माणसाला एवढं सुख इतक्या उशिरा का मिळतं, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, मिळालं हे काय कमी आहे.

पण फेऱ्याच्या मध्यावर बांध होता. तळ्याचा जुना दगडी बांध, वर हातभर रुंद पायवाट, डावीकडे पाणी आणि उजवीकडे चांगला दोन पुरुष खोल उतार. बांधाच्या तोंडाशी कट्टमैसम्माचं ठाणं आहे. तेलंगणात तळं तिथे मैसम्मा, ती बांध राखते. शेंदूर, हळद, कडुलिंबाचा डहाळा. तिथे आलो की माझी नजर त्या उताराकडेच जायची. मी उतरायचो. शैला बांधाकडे पाहायची, मैसम्माला हात जोडायची, आणि म्हणायची, “राहू द्या, पुढच्या रविवारी.” मग आलो तसे परत. असे किती रविवार गेले. जांब, म्हणजे आपले पेरू, पिकले आणि संपले, तुरीच्या शेंगा भरल्या, तळ्याचं पाणी हात दोन हात मागे सरलं. माझं मात्र दर वेळी परतताना सांगणं, जमतंय आता, पुढच्या वेळी बांध पार करतो. मला स्वतःचं फार कौतुक होतं. या वयात बायकोसाठी माणूस सायकल शिकतोय!

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आम्ही निघण्यापूर्वी चहा घेत होतो. शैला तळ्याच्या कडेला जाऊन पक्षी बघत होती. लक्ष्मम्माने ग्लास पुढे केला आणि पान थुंकून मला म्हणाली, “सेठ, एक बात पूछूं? अम्माकू रोज आधे रस्ते से वापस कायकू लाते जी तुम?”

“मी कुठे आणतो? ती येते माझ्याबरोबर.”

“हौ. तुमे नै आते, इसलिये वो वापस आते. पूरा गोल उनकू करना है, तुमकू नै.”

एवढंच बोलून ती भजी तळायला वळली. मी चहा हातात घेऊन बसलो. तिकडे शैलाची आभाळी सायकल स्टँडवर उभी होती. तिच्या हँडलला एका बाजूला माझी पाण्याची बाटली, दुसऱ्या बाजूला माझा स्वेटर. पुढच्या टोपलीत माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, माझ्या कोपराला लावायचं मलम, माझ्यासाठी बांधलेल्या दशम्या, मला घाम आला की पुसायचा टॉवेल. कॅरिअरला माझ्या सायकलीचा पंप. मी एक एक वस्तू पाहत गेलो आणि मला ओशाळल्यासारखं झालं. तिची दुसरी सायकलसुद्धा कामाला लागली होती, या वेळी माझ्या. आणि मी याला भरपाई म्हणत होतो.

त्या दिवशीही आम्ही मैसम्मापर्यंत गेलो. तिथे उतरलो, आणि शैलाच्या सायकलीवरून माझी बाटली काढली, स्वेटर काढला, गोळ्या, मलम, टॉवेल, पंप, सगळं काढून माझ्या कॅरिअरवर रचलं. शंभर किलोच्या कॅरिअरला ते काहीच नव्हतं. दशम्यांच्या डब्याचं तेवढं मी तिला विचारलं, “हा तुला?”

“काय लावलंय हे?” ती म्हणाली.

“तू जा. पूर्ण फेरा मारून ये.”

“आणि तुम्ही?”

“मी आलो तसा परत जातो. टपरीवर बसतो.”

“पडलात म्हणजे?”

“उठेन. सगळ्या हिवाळ्यात तेच तर शिकलोय.” आणि मग जे तीस वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं ते माझ्या तोंडून आलं, “शैला, तेव्हा मी आण्णांना नाही म्हणायला पायजे होतं. हिरवी सायकल तुझी होती.”

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मैसम्माकडेच बघत राहिली. डोळे भरले होते की थंडीने पाणी आलं होतं, मी विचारलं नाही. मग ती म्हणाली, “एवढ्या वर्षांनी आठवली होय.” पदर नसलेल्या ड्रेसची ओढणी तिने कमरेला घट्ट गाठ मारून बांधली, पायडलवर पाय ठेवला, आणि गेली. हातभर रुंद वाटेवरून, डावीकडे पाणी, उजवीकडे उतार, एकदाही न डगमगता. निम्म्या बांधावर गेल्यावर तिने वेग घेतला. तेव्हा मला कळलं की गेले दोन महिने ती माझ्यासाठी ब्रेक दाबून चालवत होती.

मी परत फिरलो. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. पडलो नाही. पुढे कधीतरी मला बांधही जमला, पण ते नंतर. त्या दिवशी मी टपरीवर बसलो आणि वाट बघू लागलो. वाट बघणं मला नवीन होतं. आमच्या घरात ते काम तिचं. पाऊण तास झाला. तिकडच्या वाटेवर कुत्री असतील का, गुडघा धरला असेल का, चाक पंक्चर झालं तर पंप माझ्याकडे, हे सगळं मनात येऊन गेलं. लक्ष्मम्मा दोनदा म्हणाली, “आते जी, आते. परेशान नक्को होव.” मी शैलासाठी चहा सांगून ठेवला. तो निवला, दुसरा सांगितला.

आणि मग पलीकडच्या बाजूच्या वाटेवर आभाळी रंग दिसला. फेरा पूर्ण. सगळा. तोंड लाल झालेलं, केस सुटलेले, गळाभर घाम, आणि चेहऱ्यावर हसू असं की मी ते लग्नाच्या फोटोतही पाहिलेलं नाही. मी चहाचा ग्लास घेऊन रस्त्यावर आलो. ती जवळ आली, अगदी जवळ आली, आणि थांबली नाही. “अजून एक!” असं ओरडून माझ्या शेजारून निघून गेली.

तीस वर्षांत पहिल्यांदा शैला माझ्यासमोरून गेली आणि मला काही हवंय का हे तिने विचारलं नाही. मी ग्लास खाली ठेवला आणि भर रस्त्यात उभा राहून टाळ्या वाजवू लागलो. बघायला रस्त्यावर एक म्हैस होती आणि लक्ष्मम्मा होती, आणि त्या दिवशी दोघींनीही रस्ता माझ्यासाठी सोडला.